डाव्या चाकातला आवाज

रस्ता रुंद करायचा म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर कामवाल्यांनी तो उखडला आणि खडी पसरून जे गेले ते गेलेच. गावापासून उताराच्या पहिल्या वळणापर्यंत आठ किलोमीटर नुसते दगड, खड्डे आणि वर पिठासारखी धूळ. माणसं तोंडाला फडकी बांधून कशीतरी निभावत होती, पण गाड्यांना काय बांधणार? त्या बोलायला लागल्या. कुणाची करकरायची, कुणाची खुळखुळायची, कुणाची खड्ड्यात उतरताना पोटात बुक्की बसल्यासारखी ढप्प करायची. आणि अशी प्रत्येक गाडी शेवटी गावाच्या टोकाला पत्र्याच्या शेडपाशी येऊन थांबायची. तिथे मिस्त्री होता.

मिस्त्रीची पद्धत ठरलेली. गाडीवाल्याला तो फारसं विचारायचा नाही. स्वतः गाडी घ्यायचा, काचा खाली करायचा, रेडिओ बंद, पंखा बंद, गाडीवाल्याचं तोंडही बंद. खडीवरून एक फेरी मारायचा, एकदा डावीकडे पूर्ण वळवून, एकदा उजवीकडे, मग जागेवर ब्रेक. परत येऊन उतरता उतरता सांगायचा, "पुढचा उजवा शॉकअप," नाहीतर "मागचे बुश गेलेत." चाक काढल्यावर तेच निघायचं. शहरातल्या मोठ्या गॅरेजात तीन-तीन दिवस पडून राहिलेल्या गाड्या त्याने अर्ध्या तासात ओळखल्या होत्या. माणसं ते कौतुकाने सांगायची आणि मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. खरं तर प्रत्येक शब्द ऐकायचा.

शेडच्या दाराशी, सावली संपते तिथे, पाण्याच्या टाकीजवळ त्याची बायको बसायची. पंक्चर तिच्याकडे, हवा तिच्याकडे. लोक तिला टायरवाली म्हणायचे. बावीस वर्षं टायर उलटेपालटे करून तिचे दंड पुरुषासारखे झाले होते. डाव्या हाताच्या अंगठ्याला नख नव्हतं, ते एकदा रिमखाली गेलं ते परत आलंच नाही. तिला आवाज कुणी शिकवले नव्हते. पण गाडी जाताना आधी आवाज यायचा, मग मिस्त्रीचं वाक्य यायचं, मग उघडलेला भाग तिच्या डोळ्यांसमोर जमिनीवर पडायचा. बावीस वर्षं हेच चाललं तर दगडालाही कळेल. हल्ली मिस्त्री फेरी मारून यायच्या आत तिच्या मनात उत्तर तयार असायचं. ते ती कुणाला सांगत नसे. त्याचं वाक्य आलं, की आपलं बरोबर आल्याचा आनंद पाण्यात हात घालून गुपचूप साजरा करायची.

थंडी संपता संपता पहिल्यांदा तिचं उत्तर आणि त्याचं वाक्य जुळलं नाही.

गाडी मुख्याध्यापिकाबाईंची होती. पुढून करकर यायची, कोरडी, सुकलेल्या दोराला पीळ दिल्यासारखी. मिस्त्री फेरी मारून आला आणि म्हणाला, "काही नाही. नट आवळून देतो." टायरवालीला वाटलं, आपलंच चुकलं असेल. आठवड्याने बाई परत आल्या. मिस्त्री परत फिरून आला. बाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा तो वैतागला आणि चार माणसांसमोर म्हणाला, "बाई, आवाज तुमच्या मनात आहे."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी तीस वर्षं वर्गात कोण कुजबुजतंय ते फळ्याकडे तोंड करून ओळखते," त्या म्हणाल्या. "गाडी इथेच ठेवते. मनातून निघाला की निरोप द्या." आणि त्या चालत शाळेला गेल्या.

दुपारी मिस्त्री आत पडला होता तेव्हा टायरवालीने टाकीतलं तांब्याभर पाणी आणून गाडीच्या पुढच्या बुशवर, सांध्यातल्या रबरावर, ओतलं आणि बॉनेटवर हाताने जोर दिला. करकर गप्प. अर्ध्या तासाने, पाणी वाळल्यावर, परत जोर दिला. करकर परत. म्हणजे रबर सुकलं होतं. एवढी साधी गोष्ट. ती तांब्या हातात घेऊन उन्हात तिथेच उभी राहिली. एवढी करकर, आणि ती त्याला ऐकू आली नाही?

मग तिला एकेक दिसायला लागलं. मिस्त्री भांडी आपटायचा, पाना फेकायचा, दार लोटायचा ते जोरात. पाठीमागून हाक मारली तर वळायचा नाही, आणि समोरून बोललं तर उत्तर देण्याआधी एक क्षण जायचा. फोन आला की "रेंज नाही" म्हणून तिच्या हातात द्यायचा.

सासूबाईंना ऐकू येणं बंद होऊन दहा वर्षं झाली होती. त्या दिवसभर ओट्यावर बसून धान्य निवडायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं बोलणं ओठांवरून वाचायच्या. त्यामुळे गावात कुणाचं काय चाललंय ते त्यांना इतरांपेक्षा जास्त कळायचं. एकदा जेवताना मिस्त्री उठून हात धुवायला गेला तशी त्यांनी सुनेचं मनगट धरलं.

"तो माझ्या तोंडाकडे बघतो," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"माझा मुलगा. आधी ताटाकडे बघून जेवायचा. आता बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. मी पण आधी तसंच बघायचे. दोन वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं." मग डोळे मिचकावून म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना वाटायचं, म्हातारपणी प्रेम आलंय."

टायरवालीला हसू आलं नाही.

डायलिसिसची व्हॅन आली ती गुरुवारी. आठवड्यातून तीन दिवस ही व्हॅन चार रुग्णांना उतारावरून शहरातल्या दवाखान्यात न्यायची. सकाळी नऊला निघायचं, अकराच्या आत मशीनपाशी पोचायचं, उशीर झाला की पाळी दुसऱ्याला. त्यामुळे व्हॅनवाला नेहमीच घाईत. घाई त्याच्या अंगात एवढी मुरली होती, की सुट्टीच्या दिवशीही तो उभ्याने चहा प्यायचा.

"मिस्त्री, डावीकडून काहीतरी बोलतंय," तो म्हणाला. "बारीक खडीवर खडखड करतं. उद्या पेशंट न्यायचेत. आजच्या आज करा."

मिस्त्री फिरून आला. "लिंक रॉड."

टायरवालीचंही तेच उत्तर होतं. तिला एवढं हायसं वाटलं, की तिने पंक्चरचं ठिगळ दोनदा घासलं. म्हणजे अजून सगळं गेलेलं नाही. मिस्त्रीने चाकाजवळचा तो दांडा काढून नवा लिंक रॉड टाकला, व्हॅनवाल्याने शेडसमोर दोन चकरा मारल्या, अंगठा वर केला आणि रेडिओ लावून निघाला. रस्त्याला लागताना व्हॅन चरावरून खाली उतरली, डावीकडे वळली, समोर सायकल आली म्हणून त्याने ब्रेक मारला.

टक.

एकच. कोरडा, आखूड, जिभेने टाळूवर वाजवल्यासारखा. आधी लिंक रॉडच्या खडखडाटाखाली तो झाकला गेला होता. वरचा गोंगाट काढल्यावर खालचा उघडा पडला.

टायरवाली उठून उभी राहिली. "अहो," ती म्हणाली. मिस्त्री पाठमोरा होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अहो, त्या व्हॅनमध्ये अजून आवाज आहे. वळताना ब्रेक मारला की येतो. बॉल जॉइंट असेल."

शेडमध्ये तिघेजण आपापल्या गाडीची वाट बघत बसले होते. तिघांनीही मान वर केली. मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं, मग त्या तिघांकडे.

"बॉल जॉइंट!" तो हसून म्हणाला. "आता डॉक्टरीण झाली ही. तिकडे ट्यूब पाण्यात बुडतेय बघ, ती वाचव आधी."

तिघे हसले. त्यातला एक तर जरा जास्तच हसला, त्याला वाटलं मिस्त्रीला बरं वाटेल. टायरवाली परत टाकीपाशी येऊन बसली. ट्यूब पाण्यात धरून तिने बुडबुडे शोधले. बुडबुडे दिसत होते, पण कुठून येतायत ते काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती परत त्या विषयावर आली. "तो जॉइंट सुटला तर चाक आडवं होईल. उतारावर. आत चार आजारी माणसं. तुम्ही एकदा फोन तरी करा त्याला."

"मी गाडी चालवली की तू?"

"तुम्ही चालवली."

"मग?"

"मग तुम्हाला ऐकू आला का तो आवाज?"

मिस्त्रीने ताट पुढे सरकवलं. "बाईमाणसाला भांड्यांचे आवाज कळतात. गाडीचे वेगळे असतात," तो म्हणाला आणि उठला. सासूबाई एकदा मुलाच्या तोंडाकडे, एकदा सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या. सगळं त्यांनी वाचलं होतं.

तो बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला, पाठ घराकडे. टायरवाली दारात उभी राहिली. हातात चिमटा होता. तिने तो खाली सोडला. फरशीवर खणकन वाजला तो. शेजारच्या अंगणातलं कुत्रं उठून बसलं. मिस्त्रीची मान हलली नाही.

"चहा ठेवू का?" तिने हळू विचारलं. मग नेहमीच्या आवाजात. मग जरा मोठ्याने.

तो समोरच्या धुळीकडे बघत बसून होता. टायरवालीने चिमटा उचलला आणि मागे फिरली. कुणाच्या तरी खिशात हात घालून पाहिल्यासारखं तिला वाटत राहिलं.

रात्री तिला झोप लागली ती तुकड्या-तुकड्याने. सकाळी ती अंग मोडल्यासारखी उठली. आपण व्हॅनवाल्याला फोन करावा असं तिने चारदा ठरवलं आणि चारदा मोडलं. केला तर नवऱ्याची अब्रू, नाही केला तर त्या चौघांचा जीव. आणि आपलं चुकलेलं असलं तर? आवाज एकदाच तर ऐकला. मिस्त्री मात्र सकाळीच मोटरसायकल घेऊन स्पेअर पार्ट आणायला बाजारपेठेत गेला. जाताना तिच्याशी बोलला नाही. एरवी निदान "हवा बघ गं" तरी म्हणायचा.

नवाला पाच कमी असताना व्हॅन शेडपाशी थांबली.

"वहिनी, मागच्या टायरात हवा बघा पटकन," व्हॅनवाला खिडकीतून ओरडला. आत चौघे बसले होते. पुढे शिंपी, त्याचे पाय सुजून चपलांच्या बाहेर आले होते. मागे पोस्टातल्या कारकुनाची बायको, तिच्याशेजारी शाळेतला माळी, आणि कोपऱ्यात एक सुताराची आई, डोळे मिटून.

टायरवालीने मागची हवा भरली. मग कुणी न सांगता पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवी बसली, हात आत घातला आणि चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या लोखंडी आर्मवर तळवा टेकवला.

"भाऊ, स्टिअरिंग जरा डावीकडे घ्या. आता उजवीकडे."

"कशाला?"

"घ्या तर."

त्याने घेतलं. तळव्याखाली काहीतरी सरकलं. आवाज आला नाही, पण नाडी लागावी तसा एक ठोका हाताला लागला. परत डावीकडे, परत ठोका.

ती उठली, खिडकीतून हात घातला आणि गाडीची किल्ली काढून घेतली.

"हे काय, वहिनी?"

"ही गाडी उतारावर जायची नाही. बॉल जॉइंट गेलाय."

"काल तर मिस्त्रीने सोडली!"

"काल वेगळं होतं ते केलं. हे राहिलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला कळतं" हे वाक्य तिने आयुष्यात कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. व्हॅनवाला खाली उतरला. "किल्ली द्या. अकराला यांची पाळी आहे. हुकली तर सोमवारपर्यंत शरीरातलं विष कोण काढणार? तुम्ही मशीन लावणार का घरी?"

"दाखवते. दहा मिनिटं द्या."

"दहा मिनिटं नाहीत!"

"असू दे रे," आतून शिंपी म्हणाला. त्याचा आवाज दमलेला होता. "बघू दे तिला. मला कुठे पळत जायचंय?"

चौघांना हाताला धरून तिने सावलीत बाकावर बसवलं. सुताराची आई एवढी हलकी होती, की टायर उचलायची सवय असलेल्या टायरवालीचा तोल जायची वेळ आली. मग तिने जॅक ओढत आणला, गाडीच्या सांगाड्याखाली लावला आणि दांडा मारायला लागली. चाक जमिनीपासून सुटलं. टायरखाली पहार घातली आणि जोर लावून वर उचलली.

काही नाही. चाक घट्ट. आवाज नाही, हालचाल नाही. तिने परत जोर लावला. मान लाल झाली. काही नाही.

"झालं समाधान?" व्हॅनवाला म्हणाला. घड्याळ बघितलं. समोरच्या किराणावाल्याच्या दुकानातून दोघे-तिघे बाहेर येऊन उभे राहिले होते. कालचा हसणारा त्यात होता. "मिस्त्री गेला बाजारात आणि वहिनींनी दुकान मांडलं," तो म्हणाला.

पोस्टातल्या कारकुनाची बायको रडवेली झाली. "अहो ताई, सोडा ना आम्हाला. मागच्या वेळी उशीर झाला तर मला रात्रभर श्वास लागला होता."

पहार हातातून निसटत होती इतका घाम. ती खाली वाकून नुसती बघत राहिली. चाक, आर्म, आर्मवर बसलेली जाड स्प्रिंग. स्प्रिंग. सांगाडा वर उचलला तरी स्प्रिंग आर्मला खाली दाबतेच आहे. आणि आर्म दबलेला असेपर्यंत जॉइंटमधला गोळा वाटीत आवळलेला राहणार. माणसाला खुब्याच्या दुखण्यासाठी तपासताना त्याला उभं ठेवून कसं कळेल? भार काढून घ्यायला हवा.

तिने जॅक सोडला. ओढून काढला. आर्मच्या खाली, अगदी टोकाला लावला.

"आता परत काय?" व्हॅनवाला ओरडला.

ती दांडा मारत राहिली. आर्म वर सरकला, स्प्रिंग दबली, चाक जमिनीपासून दोन बोटं सुटलं. पहार घातली. उचलली.

टक.

अख्खं चाक बोटभर वर गेलं आणि पहार सैल केल्यावर खाली आलं. टक. तिने चार वेळा केलं. मग पहार व्हॅनवाल्याच्या हातात दिली. त्याने एकदा केलं, दुसऱ्यांदा केलं, आणि पहार हळूच जमिनीवर ठेवली. काल संध्याकाळी तो याच गाडीतून स्वतःच्या लेकीला क्लासला सोडून आला होता. ते तो बोलला, पण कुणाशी बोलला ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

मोटरसायकल आली ती याच वेळी. मिस्त्रीने लांबूनच गर्दी पाहिली, जॅक कुठे लावलाय ते पाहिलं, जमिनीवरची पहार पाहिली. पार्टांची पिशवी हँडलला तशीच लटकत ठेवून तो आला. कुणाशी न बोलता खाली बसला, चाक दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवलं. बराच वेळ हलवत राहिला.

"मिस्त्री, काल तुम्हीच सोडलीत ना ही गाडी?" व्हॅनवाला म्हणाला. त्याचा आवाज आता चढला होता. भीती उतरली की माणूस चिडतो, तसा. "तुमच्या भरवशावर मी चार माणसं घालून उतारावर चाललो होतो! वहिनी नसत्या तर?"

मिस्त्री पाठमोरा होता. तो उठला नाही, वळला नाही.

"मी काय विचारतोय?"

टायरवालीला पुढे व्हायचं होतं. त्यांना काल घाई होती, लिंक रॉडच्या आवाजात झाकलं गेलं, असं काहीतरी सांगून झाकून टाकायचं होतं. ती मिस्त्रीच्या समोर गेली आणि त्याच्या खांद्याला हात लावला. त्याने वर बघितलं, तिच्या चेहऱ्यावरून काय ते समजला आणि उभा राहिला.

"तुम्ही काहीतरी म्हणालात," तो व्हॅनवाल्याला म्हणाला. "परत म्हणा. समोरून म्हणा."

"म्हटलं, काल आवाज कसा सुटला तुमच्याकडून?"

"ऐकू आला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाला. गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाला. किराणावाल्याच्या दुकानापर्यंत गेलं. "जाड आवाज येतात. बारीक येत नाहीत. सहा महिने झाले."

कालचा हसणारा दुकानात काहीतरी घ्यायला आत गेला. टायरवालीला वाटलं, आपण या माणसाचा अंगरखा भर चौकात काढून घेतला. बरोबर ठरल्याचा आनंद कुठेतरी असायला हवा होता. तो काही सापडेना.

मिस्त्रीने मात्र घड्याळ बघितलं. "नऊ वीस," तो म्हणाला आणि आत जाऊन खिळ्यावरची किल्ली घेऊन आला. "मुख्याध्यापिकाबाईंची गाडी आहे. ही न्या. पुढून करकर करेल, तिकडे लक्ष देऊ नका. चाक जागेवर राहील."

"बाईंना विचारायला नको?"

"बाईंची मला तशीही माफी मागायची आहे. दोन्ही एकदम मागतो."

चौघांना गाडीत बसवलं. शिंप्याने पाय आत घेताना टायरवालीच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं, मग अवघडून हात मागे घेतला. "ताई, तुझा ब्लाऊज-बिऊज काही असेल तर सांग," तो म्हणाला. दुसरं काय म्हणावं ते त्याला सुचलं नसावं. गाडी करकरत धुळीत गेली. अकराला चार मिनिटं असताना पोचलो असा व्हॅनवाल्याचा फोन आला तोवर टायरवालीने एकही पंक्चर काढलं नव्हतं.

मिस्त्रीने व्हॅनचं चाक उतरवलं. आर्म मोकळा केला, आणि हातोडीचा दुसरा ठोका बसायच्या आत गोळा वाटीतून निघून त्याच्या तळहातावर आला. रबराची टोपी फाटून आत धूळ गेली होती, वाटीची कड झिजून ब्लेडसारखी झाली होती. तो ते दोन तुकडे हातात घेऊन बसला. मग ते पुसून बाकावर ठेवले आणि व्हॅनला नवा जॉइंट बसवला. तिच्याशी बोलला नाही.

तो दिवस गेला, पुढचाही गेला. घरात तिघं माणसं आणि आवाज फक्त भांड्यांचा. मिस्त्री मुख्याध्यापिकाबाईंकडे जाऊन आला. बाई काय म्हणाल्या ते त्याने सांगितलं नाही, पण परत आल्यावर नवे बुश टाकून गाडी धुऊन ठेवली. टायरवालीचं मन कशात लागेना. एकच टायर तिने दोनदा उतरवला. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी धान्याची परात बाजूला ठेवली आणि मुलाला समोर बसवलं.

"मी लपवलं," त्या म्हणाल्या. "त्यात काय झालं माहीत आहे? तुझे वडील शेवटच्या आजारात मला काहीतरी सांगत होते. मी मान डोलावली. हो म्हटलं. काय सांगितलं ते मला आजपर्यंत माहीत नाही."

मिस्त्री आत येऊन बायकोला म्हणाला, "सोमवारी व्हॅन जाईल तेव्हा मी पण जातो. कानाचा डॉक्टर आहे तिथे."

सोमवारी तो गेला. परत आला तेव्हा कानामागे तपकिरी रंगाचं लहानसं यंत्र होतं. ते त्याने दहा मिनिटं लावलं, आणि डबा उघडून आत ठेवून दिलं.

"काय म्हणाले?"

"आतल्या नसा गेल्या. तीस वर्षं हातोडी मारली ना. हे लावलं की माणसाचं बोलणं येईल. गाडीचं नाही येणार. सगळं एकदम येतं, पंखा, कावळे, आईचं धान्य. डोकं उठतं."

"सवय होईल."

"होईल," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, "तो जॅक तू आधी सांगाड्याखाली लावलास?"

"हो."

"आणि मग?"

"मग लक्षात आलं."

"मला हे शिकायला उस्तादाच्या दोन थोबाडीत खाव्या लागल्या होत्या," मिस्त्री म्हणाला. त्या दिवसानंतर घरात बोलणं सुरू झालं.

आठवडाभराने रस्त्याच्या मोजणीचा साहेब स्वतःची गाडी घेऊन आला. त्याच्याच खडीने त्याची गाडी वाजवली म्हणून किराणावाला खूश होता. मागून खडखड येत होती. मिस्त्रीने गाडीचं दार उघडलं, आत बसला आणि दुसऱ्या बाजूचं दार आतून ढकलून उघडं केलं.

"बस," तो टायरवालीला म्हणाला.

"मी?"

"मग काय साहेबांना बसवू?"

फडक्याला हात पुसत ती बसली. बावीस वर्षांत तपासणीच्या फेरीला ती पहिल्यांदा गाडीत बसत होती. काचा खाली, रेडिओ बंद. मिस्त्रीने गाडी खडीवर घातली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, ब्रेक मारला. तिने डोळे मिटले. खड, खडखड. मागून. उजवीकडून. खोल खड्ड्यात जास्त. तिच्या मनात उत्तर नेहमीसारखं आपसूक आलं. ते या वेळी तोंडातून बाहेर पडलं, अगदी ठामपणे, मिस्त्रीच्याच थाटात.

"मागचा उजवा शॉकअप. वरचं माउंटिंग गेलंय. बदलावंच लागेल."

मिस्त्रीने गाडी कडेला घेतली. उतरून मागे गेला, शॉकअप हाताने हलवला, वरच्या नटावर बोट फिरवलं. मग गाडीच्या पाठीवर तळवा टेकवून दुसऱ्या हाताने गाडी हलवली आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला. डिकी उघडली. आत चटईखाली हात घातला.

"इकडे ये," तो म्हणाला.

तो मोजणीच्या लोखंडी खुंट्यांची पिशवी धरून उभा होता. पंधरा-वीस खुंट्या, पिशवीचं तोंड उघडं, उजव्या कोपऱ्यात चाकाच्या कमानीला टेकलेली. त्याने पिशवी हलवली. खडखड.

टायरवालीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "बदलावंच लागेल," मिस्त्री तिच्या आवाजात म्हणाला. तिने त्याच्या हातातली पिशवी हिसकावली. त्यातली एक खुंटी तिच्याच पायावर पडली. ती ओरडली आणि मग तिला हसू फुटलं, आणि तिला बघून त्यालाही. उखडलेल्या रस्त्याच्या कडेला, धुळीत, डिकीला धरून दोघं हसत राहिली. तो खूप मोठ्याने हसत होता, पलीकडच्या शेतातली माणसं कामं थांबवून बघायला लागली एवढ्या मोठ्याने. आपण किती मोठ्याने हसतोय हे त्याला कळत नव्हतं, आणि तिने ते त्याला सांगितलं नाही.